मेघालीची ओळ

विज्ञानात निरोगी माणसाचं स्थान फार वरचं आहे. पालघरच्या त्या कॉलेजात ते मेघालीला मिळालं, कारण त्या दिवशी संकष्टी होती आणि अख्ख्या वर्गात उपाशी पोटी ती एकटीच होती.

"उपाशी पोटीचंच रक्त लागतं," दिग्विजय सर म्हणाले आणि तिच्या नळीवर त्यांनी 'निरोगी' अशी चिठ्ठी डकवली.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या दोघांना सरांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची संधी होती. एक मेघाली, दुसरा ललित. काम सोपं होतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी खळग्यांच्या ताटलीत वाढवायच्या. वरच्या ओळीला एका कारखान्यातल्या कामगारांच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, पाजायचं, खालच्या ओळीला निरोगी माणसाचं. मग कुठल्या पेशी टिकतात ते बघायचं. त्या कामगारांत कारखान्याच्या नाल्याला लागून असलेल्या कुंभवलीचे शिवाजीराव, म्हणजे मेघालीचे बाबाही होते. वर्षभर त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या आणि कारखान्याचे डॉक्टर म्हणत होते, वय झालं.

तिसऱ्या दिवशी ललितने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "वरची ओळ खलास."

मेघालीला वाईट वाटलं आणि थोडं बरंही. बाबांचं दुखणं निदान खरं ठरत होतं.

ललितने ताटली पुढे सरकवली. मग खालची ओळ त्याने दोनदा मोजली. दातिवऱ्याच्या या मुलाला काही दोनदा मोजताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"मेघे, तुजी ओळ पन नाय राह्यली."

प्रयोग पुन्हा झाला. खालच्या ओळीतल्या पेशी वरच्या ओळीइतक्याच आक्रसल्या, गोळा झाल्या, तळापासून सुटून तरंगू लागल्या. "तुला चावून डास मरत असतील बग," ललित म्हणाला, पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही. मेघाली घरी जाताना मनगटावरची निळी शीर बघत बसू लागली.

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मला काही झालंय का?"

सरांनी चष्मा पुसला. "तू कंट्रोल आहेस, मेघाली. तुलनेसाठी धरलेला माणूस. कंट्रोल आजारी नसतो."

"पण सर, पेशी..."

"सोमवारी कारखान्याला अहवाल जायचाय."

अहवाल गेला. त्यातलं एक वाक्य कारखान्याच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत लागलं: कामगारांच्या आणि निरोगी व्यक्तीच्या रक्तात कोणताही फरक आढळला नाही.

बाबा पेढे घेऊनच घरी आले. "उगाच घाबरलो गं," तिच्या तोंडात पेढा कोंबत ते म्हणाले. "माझं रक्त अगदी तुझ्यासारखं निघालं."

पुढच्या महिन्यापासून कामगारांची रक्ततपासणी बंद झाली.