चढतं गाणं

या, जवळ सरका मंडळी. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात राग मोठा आहे. अंगावर उडाला तर पुसून टाका.

"अमोक्रानला सांगा, आला तसा परत जा!" बेलाईद चावडीच्या ओट्यावरून गरजला आणि त्याने नव्या अल्बमची सीडी अंजिराच्या झाडाखाली भिरकावली. एक कोंबडी फडफडत पळाली.

काबिलियाच्या डोंगरातल्या त्या गावाचा बेलाईद हा पंच. चावडीत कुणी गायचं, कुणी नाही, हे त्याच्या शब्दावर चाले. दुपारच्या नमाजानंतर तिथे 'अदफेल' नावाचं पथक गाणार होतं. तरुणपणी देश सोडून पॅरिसला गेलेलं, गिटारींवर काबिली भाषेत गाणारं तेच अदफेल. गाणारे म्हातारे झाले होते आणि नवा अल्बम घेऊन पहिल्यांदाच मायदेशी आले होते.

नव्या गाण्यांवर कुणाचा फारसा राग नव्हता. राग होता एका जुन्या गाण्यावरून. 'परतीची वाट' त्यांनी पुन्हा गाऊन अल्बमच्या शेवटी घातलं होतं आणि त्यातला चढच काढून टाकला होता. ते गाणं कसं, हलकेच सुरू व्हायचं. मग लय वाढायची, सूर वर सरकायचा आणि शेवटी श्वास पुरेनासा व्हायचा. गुरुवारी पिराच्या दारी नामाचा गजर चढतो ना, अगदी तसं. त्या चढावर गावच्या नवऱ्या उंबरा ओलांडून आल्या होत्या. आपल्या भाषेतली गाणी म्हणजे गुन्हा, असे जे दिवस होते, त्या दिवसांत ह्याच गाण्याची कॅसेट खिशात सापडली म्हणून शिपायांनी बेलाईदचे पुढचे दात पाडले होते. रक्त थुंकतानाही तो तोच चढ गुणगुणत होता.

"बाबा, मला आवडलं नवं," त्याची मुलगी तासादित म्हणाली. "शांत आहे."

"शांत तर आपलं गाढवही असतं!"

"पॅरिसात चीज खाऊन खाऊन गळ्यावर साय धरलीये म्हाताऱ्याच्या," कॉफीवाला हामू म्हणाला. लोक हसले. बेलाईद हसला नाही. चढ गेला, तर आपण मार खाल्ला तो कशासाठी, हे त्याला आतून कुरतडत होतं.

तेवढ्यात अदफेलवाले आलेच. पुढे काठी टेकत, पाठीवर गिटार घेतलेला गायक अमोक्रान, मागे ढोलवाला बेलकासेम. बेलाईदने हात पुढे केला नाही. बसा म्हणाला नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दा बेलाईद," अमोक्रान म्हणाला, "काय चुकलं आमचं?"

"चढ कुठे टाकलास?"

"कसला चढ?"

"ऐका! कसला चढ म्हणे! पोटच्या पोराला ओळखेना झालाय!" बेलाईदने हामूच्या टेपमध्ये जुनी कॅसेट कोंबली आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं, चढू लागलं. रागावलेल्यांचे हातही नकळत टाळीवर आले. शेवटी अमोक्रानचा आवाज मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा आभाळाला भिडला आणि थांबला.

अमोक्रान डोळे विस्फारून टेपकडे बघत होता. "असं आम्ही कधीच गायलो नाही," तो म्हणाला. "एका लयीत सुरू केलं, त्याच लयीत संपवलं."

"ही कॅसेट उतरवली कुणी?" बेलकासेमने विचारलं.

"माझ्या बहिणीने. वर्दियाने. मार्सेलहून आलेली कॅसेट एका दिवसासाठी मिळाली होती. गावात वीज नव्हती. शेळ्यांच्या गोठ्यात बसून तिने सेलवर उतरवून घेतली. सेल दमले की उन्हात ठेवायची, पुन्हा घालायची. अख्ख्या खोऱ्यातल्या कॅसेटी त्या एका कॅसेटीवरून निघाल्या."

बेलकासेमने मान खाली घातली. "दा, सेल उतरत गेले की टेप मंद फिरतो. मंद टेपवर भरलेलं गाणं चांगल्या टेपवर लावलं की धावत सुटतं. हा चढ आमचा नाही. संपत आलेल्या सेलांचा आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

बेलाईद ओट्यावरून खाली उतरला. मुठी आवळलेल्या, कानशिलं तापलेली. "म्हणजे मी दात दिले ते सेलांपायी?" तो ओरडला. "बोल ना! खोऱ्यातली पोरं ज्या चढावर नाचत तुरुंगात गेली, तो चढ खोटा?"

अमोक्रानने काठी बाजूला ठेवली. गुडघे धरत, कण्हत तो खाली मातीत बसला आणि गिटार मांडीवर घेतली.

"आम्ही हे एका दुपारी गायलो आणि जेवायला गेलो," तो म्हणाला. "वाढवलं तुम्ही. चुकतंय ते आमचंच. टाळी तुम्ही धरा, दा. चढ कुठून घ्यायचा ते दाखवा."

बेलाईदचा राग अजून उतरला नव्हता. "धाप लागेल तुला."

"लागू दे."

"मध्येच थांबलास तर गावातून हाकलीन."

"हाकला."

बेलाईदने ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात उचलले. पहिली टाळी पडली.

वर्दिया जाऊन बरीच वर्षं झाली. तिला सूर कळत नव्हता, ताल कळत नव्हता. कळत होतं एवढंच, की गाणं पोचलं पाहिजे. मंडळी, अदफेल आता जिथे जाईल तिथे ते गाणं चढवूनच गातं. तुमच्याही कानावर कधी आलं आणि शेजारच्याने विचारलं, हा चढ बांधला कुणी, तर आधी वर्दियाचं नाव घ्या.