कारण ती

"काल काय घडलं?" लस-प्रयोगशाळेतल्या चौकशीयंत्राने विचारलं.

उत्पला तिरमारेने समोर बसलेल्या प्रमुख देवयानी नगरकरकडे पाहिलं. काल देवयानी सगळ्यांदेखत नव्याने रुजू झालेल्या चारूला फाडफाड बोलली होती आणि चारू रडली होती. चूक चारूचीच होती, हे उत्पलाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून देवयानी म्हणाली होती, "मी उत्पलाला झापलं." बाकीचं यंत्राने स्वतःच जोडलं, "कारण ती निष्काळजी होती." कुणी कुणाला झापलं म्हटलं की लोक झापलेल्याचीच चूक धरतात, आणि यंत्र लोकांकडूनच शिकलेलं. ज्या शीतपेटीतली लस नासली होती, तिचं दार खरं तर देवयानीनेच उघडं टाकलं होतं; पण ते कुणी विचारलं नाही. तेव्हापासून उत्पला बाटल्या धूत होती.

आताही "झापलं" हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिने तो गिळला. यंत्रासमोर सगळ्यांचं नाव एकेरीच घ्यायचं असे, ते तिने चवीने घेतलं.

"देवयानीने चारूला रडवलं."

यंत्राला विचार करावा लागला नाही. "कारण ती क्रूर आहे. प्रमुखपद रद्द."

देवयानीचा चेहरा उतरला. "उत्पला, चूक कुणाची होती, तुला ठाऊक आहे. मग कारण का नाही सांगितलंस?"

उत्पला सावकाश उठली. "तुम्ही तरी कुठे सांगितलं होतं, मॅडम?"