मेट्रनबाईंची बॅटरी

“संध्याकाळी माझ्या बॅटरीला काम असतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुम्ही दुसरं घर बघा.”

वीज कंपनीचा इंजिनिअर जिन्याखालच्या पांढऱ्या पेटीकडे आशेने पाहत उभा होता. बूट त्याला दाराबाहेरच काढावे लागले होते. एका मोज्याला भोक होते आणि मेट्रनबाईंनी ते पाहिले होते.

“सगळी वीज मागत नाही आम्ही, मॅडम. दिवसभर तुमच्या छतावरची पॅनेल ही बॅटरी भरतात. उन्हं उतरली की सगळं शहर एकदम बटणं दाबतं, आणि आमच्या तारांना तो भार पेलत नाही. त्या वेळी घराघरातून थोडी थोडी वीज तारेवर आली, तर निभावतं. तुमच्यापुरती आम्ही बॅटरीत राखूनच ठेवू.”

“आणि मग लाईट जाणार नाही?”

“नावसुद्धा नाही जाण्याचं!” तो उत्साहाने म्हणाला.

मेट्रनबाईंच्या काळजात चर्र झाले. पण चेहऱ्यावर काही उमटू देणाऱ्या त्या नव्हेत. “मोजा शिवून घ्या,” एवढे बोलून त्यांनी दार लावले.

त्या घरात सहज कुणी डोकावत नसे. सहज डोकावावे अशी ती बाईच नव्हती. उभी हयात त्यांनी प्रसूतिगृह चालवले होते, आणि तिथले डॉक्टरसुद्धा त्यांची चाहूल लागली की सरळ उभे राहत. यजमान गेले तेव्हा शेजाऱ्यांनी जेवायला बोलावले. “माझ्या घरी चूल आहे,” असे उत्तर गेले. पुन्हा कुणाची बोलावण्याची छाती झाली नाही. मग दिवसाकाठी त्या बोलत ते फक्त रेडिओशी, आणि तेही त्याचे उच्चार सुधारण्यापुरते.

पुढे गल्लीत लाईट जाऊ लागली. पहिल्याच अंधारात एकटे मेट्रनबाईंचे घर उजळलेले राहिले, आणि समोरच्या शिंप्याची बायको दोन मुलांना घेऊन दारात आली.

“बाई, पोरांची परीक्षा आहे हो. थोडा वेळ बसू देता?”

“उजेड काय वाया घालवायचाय? बसा.”

तेव्हापासून तो नेमच होऊन बसला. दिवस मावळला की समोरच्या घरांतले दिवे एकेक करून मालवत आणि मेट्रनबाईंच्या खोलीत माणसे भरत. रस्त्यावरचे दिवे तेवढे जळत राहत. ते निराळ्या तारेवर असणार, असे मेट्रनबाईंनी ठरवून टाकले होते, आणि त्यांनी ठरवलेले तपासण्याच्या फंदात कुणी पडत नसे. शिंपी काजे करायला घेई. त्याची मुले पाढ्यांवरून बोलणी खात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पत्ते पिसे.

“बेकरीवाले, तो एक्का बाहीतून आला.”

“आईशप्पथ नाही, बाई!”

“म्हातारीला कशाला मध्ये ओढता? बाही झटका.”

खोली खदखदून हसे. मेट्रनबाई हसत नसत. हसू आले की त्या चष्मा पुसायला घेत, आणि अलीकडे त्यांचा चष्मा फार स्वच्छ असे.

इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा त्याने भाषण केले नाही.

“काल तुमच्या प्रसूतिगृहातली लाईट गेली, मॅडम. ऐन ऑपरेशनमध्ये. जनरेटर सुरू होईपर्यंत टॉर्चवर काम चाललं.”

मेट्रनबाई खुर्चीत ताठ झाल्या. “बाळ?”

“सुखरूप आहे. आईसुद्धा.”

“रोज कुणी सुखरूप राहत नसतं. माझ्या बॅटरीचा तिकडे काय उपयोग?”

“ते याच तारेच्या शेवटच्या टोकाला आहे. अलीकडच्या घरांनी आपला भार आपण उचलला, तर टोकापर्यंत वीज नीट पोचते. या भागात सगळ्यात मोठी बॅटरी तुमची आहे.”

खोलीत माणसांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मेट्रनबाईंनी त्यांच्यावरून एकवार नजर फिरवली.

“जोडा,” त्या म्हणाल्या.

काम संपायला दुपार टळली. भार वाढल्यावर एकदा तपासून जातो, असे इंजिनिअर म्हणाला आणि पेटीपाशी बसून राहिला. मेट्रनबाईंनी खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या. एक तेवढी खाली ठेवली.

“पाहुणे येणार होते का?” त्याने विचारले.

“येत असत.”

त्या खिडकीशी जाऊन बसल्या. दिवस मावळला. गल्लीतली एकूण एक खिडकी उजळली होती. शिंप्याच्या घरात मुले पंख्याखाली लोळत होती. बेकरीवाला पाठमोरा दिसत होता. आपले इथे काहीच उरलेले नाही, हे मेट्रनबाईंनी एखाद्या रुग्णाचा ताप वाचावा तसे वाचून घेतले.

“निघाली, मॅडम! तुमची वीज निघाली तारेवर!” इंजिनिअर पेटीवरचे आकडे पाहत म्हणाला.

तोच शिंप्याची खिडकी काळी झाली. मग बेकरीवाल्याची. मग त्या पलीकडची.

मेट्रनबाई ताडकन उठल्या. “हीच का तुमची योजना? गेली ना लाईट!”

इंजिनिअर गडबडला. त्याने पेटी पाहिली, हातातले यंत्र तारेला लावले, पुन्हा पेटी पाहिली.

“नाही हो, मॅडम. वीज पूर्ण दाबाने आहे. आणि या गल्लीत तर गेल्या वर्षभरात ती एकदाही गेलेली नाही. म्हणजे ही माणसं आपापल्या हातांनी…”

फाटक करकरले. अंगणात पावले वाजली, कुणी कुणाला दटावले, आणि शिंप्याच्या बायकोने दारातून हाक दिली, “बाई, लाईट गेली हो आमची!”

खरे काय ते सांगायला इंजिनिअरने तोंड उघडले.

“गप्प बसा,” मेट्रनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “आणि त्या खुर्च्या खाली घ्या. ऐकलंत ना, लाईट गेली आहे.”