शेवटचा प्रश्न

"काकू, त्यांना ऐकू येतंय. सगळं कळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंप्याच्या बायकोने खुर्चीची पाठ घट्ट धरली. अपघातानंतर नऊ महिने नवरा डोळे उघडे ठेवून नुसता पडून होता. हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. आत कोणी उरलेलं नाही, असं मुलंसुद्धा म्हणू लागली होती. आज काचेपलीकडे तो मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला माइकवरून समजावलं होतं: उत्तर 'हो' असेल तर शिलाई मशीन चालवताय असं मनात आणा. 'नाही' असेल तर घरातून फिरताय असं. दोन्हींना मेंदूचे वेगवेगळे भाग उजळतात.

"घरातून?" ती तेव्हा म्हणाली होती. "जन्मात कधी मशीनवरून उठले नाहीत ते."

पण पाच सोप्या प्रश्नांची पाचही उत्तरं बरोबर आली होती.

"पहिल्यापासून कळत असेल यांना?" तिने विचारलं.

"बरेच महिने तरी."

तिचा आनंद जागच्या जागी थिजला. जिभेला हाड नसतं. गेल्या महिन्यात त्याचं अंग पुसता पुसता ती बोलून गेली होती, "सुटा हो एकदाचे. म्हणजे मीही सुटेन." भिंतीशी बोलावं तशी बोलली होती. आणि तो ऐकत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुखतंय का, ते विचारून झालं. नाही म्हणाले," डॉक्टरीणबाईंनी माइक पुढे केला. "शेवटचा प्रश्न तुम्ही विचारा."

तिने माइक तोंडाजवळ ओढला.

"अहो, अंग पुसताना मी नको ते बोलले. रागावलात का माझ्यावर?"

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. एका उत्तराला अर्धं मिनिट लागायचं. तिला ते नऊ महिन्यांहून मोठं वाटलं.

"नाही म्हणतायत, काकू."

तिने तोंडावर हात दाबला आणि ती रडली. डॉक्टरीणबाईंनी माइकवर सांगितलं, "छान. आता थांबा, आराम करा." थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही. थांबा म्हटलं तरी थांबत नाहीयेत. अजून घरातच फिरतायत."