मुलीकडचे येण्याआधी

मुलीच्या मामांचं पत्र उत्तराविना पडून होतं. पत्र साधंच होतं. तुमच्या मुलानं आणि आमच्या भाचीनं एकमेकांना पसंत केलंय. तिला वडील नाहीत, आई दिवसभर कामात, म्हणून मी लिहितो आहे. मुलगी ज्या घरात येणार ते घर एकदा पाहावं म्हणतो. कधी येऊ?

मुद्रितशोधकांचा जीव त्या शेवटच्या प्रश्नात अडकला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून ते निवृत्त झाले होते, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की पेन जड व्हायचं. शिवाय दाखवायचं काय? भाड्याच्या दोन खोल्या. त्यात पुस्तकं राहत होती आणि उरलेल्या जागेत नवराबायको.

"आधी घर, मग उत्तर," बायकोनं निकाल दिला. "हे बघून मुलीची आई उंबऱ्यावरूनच परत फिरेल. चांगली सोयरीक हातची जाईल."

म्हणून एजंट शोधणं आलं. पहिल्याचं प्रत्येक घर 'आज घेतलं नाही तर उद्या गेलं' असं होतं. महिन्याभरानं पाहिलं तर सगळी जागच्या जागी. दुसऱ्याच्या फोटोत बैठकीची खोली मैदानाएवढी दिसली. प्रत्यक्षात मुद्रितशोधकांनी आळस दिला तर दोन्ही हात भिंतींना लागले.

तिसरी एजंट आपण होऊन दारात उभी राहिली. पन्नाशीची बाई, खांद्याला मोठी पिशवी, चालून झिजलेल्या चपला.

"घर शोधताय असं ऐकलं."

"कुणाकडून?"

"आमच्या धंद्यात कानावर येतंच, सर."

मुद्रितशोधक तेव्हा फाटक्या बनियनवर कपबशा विसळत होते. ते दाराआड दडायला गेले आणि पुस्तकांच्या ढिगावर आपटले. बायको डोक्याला तेल चोपडून बसली होती. बाईंनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून मांडीवर घेतली आणि बसल्या.

"असू द्या हो. मी काय पाहुणी आहे?"

"तुमचं कमिशन?" बायकोनं मुद्द्यालाच हात घातला.

"काम झालं की माझं मी मागून घेईन, वहिनी. आणि मी बोलणार ते तुमच्या बाजूनं. विकणाऱ्याची काळजी करायला त्याचा माणूस असतो."

हे मुद्रितशोधकांना पटलं. त्या रात्री मुलाला फोनवर बाईंचं वर्णन करून सांगितलं, तर त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"त्या म्हणतील तसं करा, बाबा," एवढंच म्हणाला.

बाई कामाला चोख. नळ सोडून बघायच्या, कपाटामागे हात घालून ओल तपासायच्या, रखवालदाराला गाठून शेजाऱ्यांची कुंडली काढायच्या. पण मधूनच भलतं विचारायच्या.

"भांडण झालं की तुम्ही कुठे जाऊन बसता, सर?"

"गॅलरीत."

"आणि मी यांच्या मागोमाग गॅलरीत," बायको म्हणाली. "भांडण अर्धवट टाकायची सवय नाही मला."

"मग गॅलरी मोठी हवी," बाई म्हणाल्या.

एक घर दोघांना फार आवडलं. बाईंनी मात्र स्वयंपाकघरात उभं राहून नाक मुरडलं.

"इथे एकच माणूस मावेल. सून आली की सगळं तिच्याच गळ्यात पडायचं."

"पडतंय कसलं! भांडी यांची," बायको म्हणाली. "तिनं हात लावला तर रुसून बसतील हे. मला लावू देत नाहीत इतक्या वर्षांत."

"हिला साबण फार घ्यायची सवय आहे," मुद्रितशोधक हळूच म्हणाले.

त्या दिवशी बाई दोघांना घरापर्यंत सोडायला आल्या आणि पहिल्यांदाच चहाला थांबल्या.

चहा पिता पिता बायकोनं मन मोकळं केलं. "खरं सांगू? मामांचं काही नाही. धास्ती आहे ती मुलीच्या आईची. एकटीनं पोर वाढवलेली बाई. नाकावर माशी बसू देत नसणार."

"नसेलही देत," बशीकडे बघत बाई म्हणाल्या.

"तिच्याशी बोलायचं तरी काय?" मुद्रितशोधकांनी विचारलं. "मला अनोळखी माणसांसमोर घाम फुटतो."

"माझ्याशी बोलता तसंच बोला."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही घरच्यासारख्या."

बाईंना असा ठसका लागला की बायकोला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

शेवटी घर मिळालं. स्वयंपाकघर ऐसपैस, गॅलरी दोन खुर्च्यांची, पुस्तकांना वेगळी खोली. विकणारा किमतीवर अडून बसला, तेव्हा बाईंनी त्याच्या एजंटला असं फैलावर घेतलं की तो रुमालानं मान पुसत खाली उतरला आणि किंमतही उतरली.

किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी मुद्रितशोधक उत्तर लिहायला बसले. लिहायचे, खोडायचे. खाली टपाटप पडणाऱ्या कागदाच्या बोळ्यांकडे बघून बायको म्हणाली, "लग्न यांच्या नातवाचं होईल बहुतेक!"

बाई कागदपत्रं द्यायला आल्या होत्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "'घर आहे, माणसं साधी आहेत, केव्हाही या.' लिहा एवढंच."

मुद्रितशोधकांनी तेवढंच लिहिलं. तिघंही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेली. पेटीच्या तोंडाशी मुद्रितशोधकांचा हात थबकला.

"नाही म्हणाले तर?"

बायकोनं त्यांचं मनगट धरून हिसका दिला. पत्र आत पडलं.

"मामांना कधी मिळेल हो?" मुद्रितशोधकांनी विचारलं.

"परवा," पिशवी खांद्याला अडकवत बाई म्हणाल्या. "माझा भाऊ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि मला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करून बसावं लागेल."