हू डिड यू मीट?

टेलरबाईंना इंग्रजीच्या क्लासात गृहपाठ मिळाला: घरच्यांना सुट्टीबद्दल भूतकाळात प्रश्न विचारा. नवरा नुकताच ऑफिसच्या सहलीवरून परतला होता. बाईंनी त्यालाच समोर बसवलं.

“व्हेअर डिड यू गो?”

“बीच.”

“डिड यू स्विम?”

“येस, येस. खूप!”

पोहायची चड्डी तर बॅगेतून घडीसुद्धा न मोडता परत आली होती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“हू डिड यू मीट? आणि खरं सांगा!”

नवऱ्याने मान खाली घातली. “तुझ्या बाबांना. बरं नाहीये त्यांना. तुला सांगू नको म्हणाले.”

पळून जाऊन लग्न केल्यापासून, बारा वर्षं, बाबांनी लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.



मराठीत विचारायचा धीर होईना, म्हणून बाईंनी इंग्रजीतच विचारलं, “डिड ही आस्क अबाउट मी?”