तीन घाव

तिसरा घाव बसला तरी पोरीची मान तुटली नाही. जल्लादाचा हात लटपटला होता, आणि रोमच्या कायद्यात चौथ्या घावाला परवानगी नव्हती. येशूशिवाय दुसरा नवरा नको म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. ती रक्ताच्या थारोळ्यात तडफडत राहिली.

गर्दीतल्या ख्रिस्ती बायका धावल्या आणि ते रक्त पवित्र मानून त्यात फडकी भिजवून कपाळाला लावू लागल्या. शिपायांनी त्यांना झोडपून काढलं.

जल्लाद तलवार पुसणार, तोच एक म्हातारी पुढे झाली. "पुसू नकोस रे!" तिने डोक्यावरचं वस्त्र पात्यावरून फिरवलं, ओठांना टेकवलं.

ती त्या जल्लादाचीच आई होती.

"हीपण त्यांच्यातलीच!" न्यायाधीश गरजला. "उडव हिचं मुंडकं!"

म्हातारीने गुडघे टेकले, मानेवरचे केस बाजूला केले.

"या वेळी हात लटपटू देऊ नकोस, लेकरा. एकाच घावात कर."